मऊ पट्टा

माझ्या उजव्या पायाची पोटरी डाव्या पायापेक्षा जाड आहे. बावीस वर्षं उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसतेय, आणि मशीनचं पेडल उजव्या पायाखाली. मला हे कधी कळलंही नसतं. जिने चढायचा सराव सुरू केला त्या पहिल्याच दिवशी माझी मुलगी मागून म्हणाली, "मम्मी, तू एका बाजूने चढतेस गं. डावा पाय नुसता ओढतेस."

मी म्हटलं, "तू तुझं बघ."

हे 'तू तुझं बघ' माझ्या तोंडात बसलेलंच आहे. राग माझ्या नाकावर असतो. नवरा शांत, अंबरनाथच्या कंपनीत शिफ्टला जातो, आला की जेवतो आणि पेपर वाचतो. घरात आवाज काय तो माझाच. शेजारपाजारचे कौतुकाने म्हणतात, बाई कडक आहे. मलाही त्याचं कौतुक वाटायचं.

मुलगी चोवीस वर्षांची. बदलापूरला शिरगावच्या एका लॅबमध्ये रक्त-लघवीच्या तपासण्या करते. तिथल्या चौघींनी मिळून ठरवलं, हिमालयात जायचं. सात दिवस चालायचं, तंबूत राहायचं आणि आपलं सामान आपल्याच पाठीवर न्यायचं. हे शेवटचं ऐकून माझं डोकं फिरलं. "हमाली करायला एवढ्या लांब कशाला? कल्याण स्टेशनला जा की," मी म्हटलं. ती हसली. आधीच ठरवून बसलेली मुलगी हसते ना, तशी.

तयारीचा कागद मोबाईलवर आला होता. सहा आठवडे. आधी रिकाम्या पाठीने जिने, मग पाच किलो, मग आठ, शेवटी बारा. चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त, कारण गुडघे उतरताना जातात. बूट आधीच घालून मऊ करायचे. जड सामान पाठीला चिकटून मधोमध, झोपायची पिशवी तळाला. सॅक एकदम खांद्यावर फेकायची नाही, आधी मांडीवर घ्यायची, मग एक हात, मग दुसरा. ती हे सगळं आमच्या पालेगावच्या वन बीएचकेच्या पॅसेजमध्ये करायची आणि समोरच्या वहिनी विचारायच्या, "गावाला चाललीस का गं?"

आमची बिल्डिंग सात मजल्यांची. पहाटे साडेपाचला धाडधाड पाय वाजायला लागले तसे लोक सेक्रेटरीकडे गेले. मग आम्ही शेजारच्या बिल्डिंगमध्ये जायला लागलो. ती अर्धवट आहे. चौदा मजल्यांचा सांगाडा उभा करून बिल्डरने काम थांबवलंय. खाली वॉचमन काका राहतात. 'जय भीम ताई' म्हणायचे, बॅटरी द्यायचे आणि दर वेळेला सांगायचे, "भिंतीच्या बाजूने जा. मोकळ्या बाजूला जाऊ नका."

जिन्याला कठडा नव्हता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लिफ्टसाठी सोडलेली पोकळी, वरपासून खालपर्यंत. पायऱ्यांवर वाळू सांडलेली. पायाने खडा उडाला की तो त्या पोकळीत जायचा. थोडा वेळ काहीच ऐकू यायचं नाही, मग तळाशी साचलेल्या पाण्यात डुबुक. सहाव्या मजल्यावरून तो थोडा वेळ मला फार मोठा वाटायचा. मी एकदा म्हटलं, "नको बाई इथे. मला बरं नाही वाटत." ती म्हणाली, "डोंगरात कुठे कठडे असतात मम्मी?" मग मीच तिच्याबरोबर चढायला लागले. पाठीवर नवऱ्याची जुनी बॅग, तिच्यात पाच किलो तांदूळ. एकटीला सोडायचं नाही एवढंच माझं ट्रेनिंग.

आता सॅकचं सांगते.

दुकानातली चांगली सॅक बघून आली तेव्हा मी म्हटलं, मी शिवते. गमतीत नाही म्हटलं. आमच्या कॅम्पात कुठलीही वस्तू आणा, आठवड्यात सेम टू सेम करून देतो. तिच्या मैत्रिणीची सॅक मागून आणली, उलटी केली, खाकी कागदावर एकेक भाग उतरवला. नायलॉनचं कापड, बकलं, फोम, सगळं तिथल्याच बाजारात मिळतं. रविवारी दिवसभर घरच्या मशीनवर बसून शिवली. उभी केली तेव्हा नवऱ्याने पेपर खाली ठेवला. मुलगी म्हणाली, "मम्मी, तू भारी आहेस." ते ऐकून मी चार दिवस तरंगत होते, खोटं कशाला सांगू.

फक्त पट्टे टोचायला लागले. पाच किलोला नाही, आठ किलोला. पट्ट्याचं वरचं टोक पाठीला जोडतात तिथे नायलॉनची कड तिच्या मानेला घासायची. टी-शर्ट काढल्यावर दोन्ही बाजूंना लाल वळ. ते बघून माझा जीव कळवळला. मी आतून डेनिम लावून पाहिलं, कोरं, करकरीत. तेही टोचलं.

त्याच आठवड्यात कारखान्यात एक लॉट वॉशिंगहून परत आला होता. जीन्स शिवून झाली की वॉशिंगला जाते. तिथे केमिकलमध्ये घालून रंग उतरवतात, कापड मऊ करतात. या लॉटमध्ये केमिकल जास्त झालं होतं. रंग मात्र असा सुंदर आलेला, ढगासारखा करडा, आणि हाताला लोणी. मी शेठकडे एक पीस मागितला. शेठ हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाला, "ले जा साईं. वैसे भी जला हुआ माल है."

जळका माल. हे शब्द मी ऐकले. बावीस वर्षं ऐकतेय. वॉशमध्ये कापड मरतं हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी पीस दोन्ही हातांनी धरून जोर लावून ओढला. फाटला नाही. मग मी स्वतःला सांगितलं, फाटला नाही ना, झालं तर. घरी आणून नायलॉनची टोचणारी कड आत दुमडली आणि वरचा चार बोटांचा भाग नुसत्या त्या मऊ डेनिमचा केला. दुहेरी. वर जाड धाग्याच्या पाच शिलाया मारल्या. बारा किलो वजन आता त्या चार-चार बोटांवर लटकणार होतं. पण मुलीची मान सोलत नव्हती. मला तेवढंच दिसत होतं.

चौथ्या आठवड्यात ती म्हणाली, "मम्मी, पट्ट्यातून आवाज येतो."

"कसला?"

"टिक-टिक असा. उतरताना."

"नवीन आहे. बसेल हळूहळू."

दोन दिवसांनी तिच्या टी-शर्टच्या खांद्यावर करडा भुसा दिसला. घाम आला की सॅकला एक वास यायचा, ब्लीचचा, कारखान्यातला. बावीस वर्षांत त्या वासाचं मला काही वाटेनासं झालंय. ती म्हणाली, "एकदा बघशील का? मला जरा भीती वाटते." आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. दिवसभर लोकांच्या पँटी शिवून आले होते, पाठ मोडून आली होती. मी ओरडले, "तू शाळेत जायच्या आधीपासून मशीन चालवतेय मी! आजपर्यंत माझी शिलाई उसवून एक पीस परत आलेला नाही. विश्वास नसेल तर जा, दुकानातली घे!"

ती पुन्हा पट्ट्याबद्दल बोलली नाही. मला वाटलं, पटलं.

निघायला आठ दिवस उरले होते त्या सकाळचं मला सगळं आठवतं. बारा किलो भरलेले. तांदूळ, पाण्याच्या बाटल्या आणि वर दोन फरश्या. ती पुढे, मी दोन मजले मागे, डावा पाय ओढत. पाचव्या-सहाव्या मजल्यावर कबुतरं एकदम फडफडली. मग काहीतरी घासल्याचा आवाज. मग तो थोडा वेळ. मग डुबुक, पण खड्याचा नव्हे, मोठा.

"काय पडलं गं?" मी खालून ओरडले.

उत्तर यायला वेळ लागला. "बाटली पडली."

"लक्ष कुठे असतं तुझं? नवीन बाटली होती!"

मी वर पोचले तर ती पायरीवर बसलेली, भिंतीला पाठ लावून. सॅक मांडीवर, दोन्ही हातांनी कवटाळून धरलेली. कोपर सोललेलं, त्यावर वाळू चिकटलेली. चेहरा पांढरा. "वाळूवरून पाय सरकला," म्हणाली. मी तिचं कोपर झटकत तिला आणखी चार गोष्टी सुनावल्या. डोळे आहेत की बटणं, हिमालयात अशी चाललीस तर काय होईल, वगैरे. तिने सॅक माझ्याकडे दिली नाही, हातातच धरून खाली उतरली. त्या संध्याकाळी तिला घरी यायला उशीर झाला. लॅबमध्ये काम होतं म्हणाली. सॅक तिच्याबरोबर होती. मैत्रिणींना दाखवायला नेली असेल असं मला वाटलं.

ती गेली. सॅक तिने स्वतःच भरली, मला हात लावू दिला नाही. कल्याणला गाडीत बसवून आले. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, 'उद्यापासून नेटवर्क नाही. पाच दिवस काळजी करू नको.' सोबत फोटो होता. पाठमोरी, सॅक घातलेली, समोर नुसता डोंगर. मी तो अख्ख्या कारखान्यात दाखवला. बघा, मी शिवलीय.

दुसऱ्याच दिवशी दुपारी शेठने तो जळका लॉट बाहेर काढला. सेकंडचा माल म्हणून विकायचा होता. गिऱ्हाईक आलं, त्याने एक पँट उचलली आणि कमरेला धरून जराशी ओढली. पँट फाटली. पापड मोडावा तशी. त्याने दुसरी उचलली, तीही फाटली. शेठ म्हणाला, "पिछले महीने तो ठीक था." वॉशिंगचा माणूस तिथेच उभा होता, तो म्हणाला, "केमिकल धुलके नहीं निकला ना शेठ. अंदर रह गया तो बाद में भी खाता रहता है."

माझा पाय पेडलवर तसाच दाबलेला राहिला. सुई एकाच पँटवरून पुढे पुढे धावत गेली. शेजारची बाई माझ्या खांद्याला हलवत होती.

मी अर्धी सुट्टी टाकली. शेअर रिक्षा, मग दुसरी रिक्षा, मग पालेगावात शिरल्यावर जवळजवळ पळतच. शिवणाच्या डब्यात त्या पीसचा उरलेला तुकडा होता. हातात घेतला. तसाच मऊ. नुसत्या बोटांनी ओढला. काहीसुद्धा आवाज झाला नाही. माझ्या दोन्ही हातांत दोन तुकडे होते.

मी बाथरूममध्ये जाऊन ओकले.

पाच दिवसांतले चार उरले होते. ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. फोन लावला की तीच बाई तेच सांगायची, नेटवर्क क्षेत्राबाहेर. ट्रेक नेणाऱ्यांचा नंबर लावला. तिथला माणूस गोड बोलला, "मॅडम, काही झालं तर आम्हीच कळवतो." त्यानंतर फोन वाजला की आधी नंबर कोणाचा ते बघायची. नवऱ्याला सांगितलं. तो बिचारा धीर द्यायला गेला, "तू शिवलेलं कधी उसवलंय का?" मी त्याच्यावर अशी खेकसले की तो उठून गॅलरीत गेला. नंतर मी एकटीच बुद्धाच्या फोटोपुढे बसले. मेणबत्ती लावली. काय मागावं ते कळेना. चूक माझी, आणि मागायचं कोणाकडे?

एका पहाटे मी तांदळाची बॅग घेऊन त्या रिकाम्या बिल्डिंगमध्ये गेले. का गेले ते आजही सांगता येणार नाही. घरात बसवत नव्हतं. सहाव्या मजल्यावर थांबले. एकीकडचा पट्टा तुटला तर काय होईल ते बघायला मी बॅगचा एक पट्टा खांद्यावरून सोडला. फक्त पाच किलो तांदूळ. बॅग गर्रकन दुसऱ्या बाजूला गेली आणि मला घेऊन गेली. पोकळीच्या बाजूला. मी भिंतीला नखं रोवली. तिच्याकडे बारा किलो होते. तिकडे भिंतही नसेल.

खाली आल्यावर वॉचमन काकांनी पाणी दिलं. म्हणाले, "ताई, एकट्या नका येऊ. त्या दिवशी पोरगी वाचली तेवढं बास."

"कोपर खरचटलं होतं काका. फार नाही लागलं," मी म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग बॅटरी घेऊन आत गेले. मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही. माझं सगळं लक्ष डोंगराकडे होतं.

सहाव्या दिवशी तिचा फोन आला. "मम्मी, पोचलो खाली. मस्त झालं!" मला रडू फुटलं. ती विचारत होती, "हॅलो? ऐकू येतंय का?"

घरी आली ती नाक सोललेली, काळीठिक्कर पडलेली आणि हसत. मी तिला जवळ घ्यायच्या आधी सॅक ओढून घेतली. जमिनीवर उलटी टाकली आणि पट्ट्याचं टोक बघितलं.

माझं डेनिम तिथे नव्हतं. दोन्ही पट्ट्यांची मुळं उसवून काढली होती. त्या जागी जाड काळी नायलॉनची पट्टी, पार पाठीच्या आतपर्यंत नेऊन शिवलेली. मेण लावलेला काळा दोरा, हातशिलाई, टाके एकाला एक लागून. माझा हात नव्हता तो. चपला शिवणाऱ्या माणसाचा होता.

"हे कोणी केलं?"

ती बूट सोडत होती. "अंबरनाथ स्टेशनबाहेरचे चांभार काका आहेत ना, त्यांनी."

"कधी?"

"जायच्या आधी." मग म्हणाली, "बाटली पडली होती बघ, त्या दिवशी."

मी खाली बसले. ती सांगत होती, बूट सोडत, सहज. सहाव्या मजल्यावर उजवा पट्टा तुटला. सॅकने तिला फिरवलं. ती गुडघ्यावर पडली, अंगाचा पुढचा अर्धा भाग पायरीच्या बाहेर. स्लॅबमधून एक सळई वर आलेली होती, ती हातात आली. सॅकच्या खिशातली बाटली खाली गेली. "तू खालून विचारलंस ना, काय पडलं, तेव्हा मी अजून सळईलाच धरून होते. म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला."

ती तिथे लटकलेली होती आणि मी दोन मजले खाली उभी राहून बाटलीवरून ओरडत होते.

"वॉचमन काकांना माहीत होतं?"

"खाली आल्यावर, तू पुढे गेलीस तेव्हा सांगितलं त्यांना. पट्टा लोंबत होता, त्यांनी विचारलं."

"त्यांना सांगितलंस. मला का नाही सांगितलंस?"

तिने बूट बाजूला ठेवला. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, आणि तेच मला सहन होईना. "मम्मी, मी विचारलं होतं ना तुला. तू केवढी चिडलीस. मग म्हटलं जाऊ दे, आपणच करून घेऊ. आणि तुला वाईट वाटलं असतं गं. किती मनापासून शिवली होतीस."

चार दिवस मला त्या कापडाची भीती वाटत होती. आता मला माझीच वाटली. चोवीस वर्षांची मुलगी, मरता मरता वाचली, आणि सळईला लटकून तिने काय विचार केला, तर मम्मीला काय सांगायचं.

मी तिच्या पायाशी सरकले. तिचे मोजे काढले. टाचांना पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, नीट, कागदात सांगितल्यासारख्या. मी विचारलं, "आणखी काय काय सांगितलं नाहीस मला?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं. जे सांगितलं नाहीस ते."

ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. काहीतरी होतं. आईला कळतं ते. मग हळूच म्हणाली, "चिडणार नाहीस ना?"

"नाही चिडणार," मी म्हटलं. "सांग ना! नाही चिडणार म्हटलं ना तुला!"

माझा आवाज समोरच्या वहिनींच्या दारापर्यंत गेला असेल. मला तो माझ्याच कानांनी ऐकू आला, पण तोवर निघून गेला होता.

"काही नाही गं," ती म्हणाली, आणि आंघोळीला गेली.